पंगत उठेपर्यंत

कुमुद : बाबा, खाली नदीवरच्या ढिवरटोलीतल्या सगळ्यायले मारुतीच्या देवळात जेवाले काहून बोलावलं होतं?

बाबा : काहून म्हणजे? जेवासाठी. अन् पाय धू आधी. शाळेतून आली तशी चपला घेऊन ओसरीवर चढली.

कुमुद : आधी सांगा. पैज आहे. पोरी म्हणे, हिंमत असंन तर घरी जाऊन बाबाले विचारून दाखव. मी म्हटलं, हात्! आमचे बाबा नदीकाठ रहिवासी समितीचे अध्यक्ष आहेत, त्यायले कोणीबी काहीबी विचारू शकते. माझ्या लाल रिबिनी लावल्या आहेत पैजेवर. लवकर सांगा.

आई : कोणत्या पोरी वं?

कुमुद : आपल्याच मोहल्ल्यातल्या. परसरामकाकाची शैला, अन् तिच्या मागं मागं फिरतात त्या दोघी. विचार म्हणून सांगताना अशा हसत होत्या, तोंडात रुमाल कोंबून. टोलीतली भागीरथा आली तशा चूप बसल्या.

आई : पाह्यलं? म्हटलं होतं ना मी तुमाले, त्या परसरामच्या घरात गोष्ट टिकत नाही.

कुमुद : कोणती गोष्ट?

बाबा : काही नाही. समितीचा कार्यक्रम होता. सामाजिक एकोपा. निबंधात लिही, मार्क भेटतील.

कुमुद : लिहिलाच आहे! सरांनी वर्गात वाचून दाखवला. भागीरथाच्या घरी पहिलं बोलावणं द्यायले मीच गेली होती ना. तिचे बाबा, मोतीलालकाका, जाळं विणून राहिले होते. म्हणे, पोरी, आम्ही देवळाच्या आत बसाचं की बाहेर? मी म्हटलं, आत! समितीचं जेवण आहे, सगळे आत. तर ते जाळं खाली ठेवून नुसते पाहतच राहिले माझ्याकडे. मले इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं बाबा, काय सांगू!

बाबा : मग झालं तर. जा, चहा घे.

कुमुद : पण त्याच दिवशी साहेबाची जीप नदीवर आली होती.

बाबा : आली असंन. साहेब लोक येत राहतात.

कुमुद : असंन नाही, आलीच होती. मी बुंदी वाढून राहिली होती. आवाज ऐकून मोतीलालकाका अर्धे उठले. म्हणे, घाटवाले साहेब तर नाही ना आले? आम्हाले जागेवर जाऊन बोलायचं आहे. साहेब आले की अध्यक्ष निरोप देणार होते.

आई : मग?

कुमुद : मग मीच म्हटलं, काका, उठू नका, पंगत मोडते. लोकांचं व्हायचं आहे अजून. बसले बिचारे. पहिल्यांदा देवळात जेवून राहिले होते, पंगत कशी मोडतील?

बाबा : तेवढं मात्र छान केलं तू. परसरामनं सांगितलं मले. म्हणे, अध्यक्षाची पोरगी शोभते. तो उठला असता तर सगळेच उठले असते अन् सगळं फिसकटलं असतं.

कुमुद : काय फिसकटलं असतं?

आई : आता सांगूनच टाका. शैलाच्या तोंडून ऐकण्यापरीस घरात ऐकलेलं बरं.

बाबा : हे पाहा कुमुद, तू काही लहान नाही आता. सरकारले नदीवर घाट बांधायचा आहे. पायऱ्या, बगीचा, दिवे. त्याचा रस्ता आपल्या परसातून जाणार होता. आपली विहीर गेली असती, गोठा गेला असता, परसरामची अर्धी भिंत गेली असती. समिती कायले काढली आपण? साहेब म्हणाले, रस्ता खाली वळवतो, ढिवरटोलीवरून. पण जागेवर विचारलं तर कोणाची हरकत नाही निघाली पाहिजे. ते आले. जागेवर विचारलं. कोणीच नव्हतं. संपलं.

कुमुद : नव्हतं काहून? आपल्या पत्रावळीवर बसले होते म्हणून!

आई : अन् पोटभर जेवले. उपाशी नाही ठेवलं कोणाले. दोन दोन वेळा बुंदी घेतली.

कुमुद : आई! समितीच्या मोर्च्यात टोलीवालेच समोर होते. डोंगे काठाले बांधून ठेवले, दिवसभराची मासोळी सोडली अन् आपल्या विहिरीसाठी ओरडले. अन् बाबा, आणीबाणीत दिल्लीच्या झोपड्या पाडल्या तेव्हा तुम्ही ताटावरून उठले होते!

बाबा : दिल्ली दिल्लीत आहे. विहीर माझी आहे.

कुमुद : मी साहेबाले सांगीन. सगळं सांगीन.

बाबा : सांग ना. पंगत कोणाच्या डोक्यातून निघाली वाटते तुले? मी तर चहा-चिवडा म्हटलं होतं. साहेबच म्हणे, भोजराजजी, चहा लवकर संपते.

कुमुद : हसून काय राहिले?

बाबा : तुझं तोंड पाहून. रिबिनी जिंकल्या तू, आता रडते कायले?

कुमुद : रडत नाही मी. बाबा, उद्या टोली पाडाले येऊन राहिले ना? मोतीलालकाका टोलीत सांगत फिरून राहिले, अध्यक्षसाहेब आडवे होतील, त्यायनं आपल्याले देवळात बसवलं. टोलीत कोणी एक गाडगं बी हलवलं नाही. जाळी तशीच वाळत आहेत. भागीरथाची म्हातारी आजी खाटेवर पडून आहे.

बाबा : म्हणूनच उद्या आपण लाखनीले जाऊन राहिलो, तुझ्या मामाकडे. सकाळच्या मोटारीनं. परत येऊ तोवर साफ झालं असंन.

कुमुद : तुम्ही आडवे होणार नाही हे त्यायले आज सांगितलं तर निदान सामान तरी काढतील. नाही तर उभे तरी राहतील.

आई : कोण सांगणार? तू? अन् ते विचारतील ना, बोलावलं कोणी, बसवलं कोणी. बाबाचं नाव नाही येत त्यात कुठं. तुझं येते. भागीरथा थुंकंन तोंडावर.

बाबा : अन् एक ऐकून ठेव. ढिवरटोलीकडे पाय वळला तर शाळा बंद. दिघोरीचं स्थळ आलं आहे, मी अजून नाही म्हटलं नाही. ते धानाचे शेतकरी आहेत, त्यायले मॅट्रिक सून नाही पाहिजे, रोवणीले सून पाहिजे.

आई : तसं करतात वं हे. खोटं नको समजू.

कुमुद : खोटं कुठं समजते मी? बाबा बोलले ते करतात, आज पाह्यलं ना.

बाबा : मग बस खाली.

(कुमुद ओसरीवरून खाली उतरते.)

कुमुद : शाळा बंद करा बाबा. मी आत्ताच जाऊन राहिली टोलीत. आधी भागीरथाले सांगीन, मग काकाले. तिनं हे पहिल्यांदा शैलाच्या तोंडून ऐकाले नाही पाहिजे.