पिंजौरचा बावन्नावा हप्ता

आदरणीय अध्यक्ष डॉ. बाळकृष्ण हर्डीकर, व्यासपीठावर बसलेल्या पद्मजावहिनी आणि मेजरसाहेब, मंडळाचे सर्व पदाधिकारी आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. आपले चिटणीस शशिकांतराव पहिल्या रांगेत घड्याळ काढूनच बसले आहेत. त्यांचंही बरोबर आहे. समारंभ दुपारी तीनला ठेवला तो सगळ्यांना उजेड असताना घरी पोचता यावं म्हणून. पूर्वी आपले कार्यक्रम रात्री अकरापर्यंत चालायचे आणि नंतर सुखना तलावावर फेरी व्हायची. नव्या मंडळींना ते खरं वाटणार नाही.

माझ्याबद्दल आत्ता फार चांगलं बोललं गेलं. एकोणतीस वर्षं मी वैद्यकीय संस्थेत सूक्ष्मदर्शक दुरुस्त केले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. काच पुसायची, स्क्रू घट्ट करायचा आणि साहेबाला म्हणायचं, बघा आता. येत्या एकतीस मार्चला मी निवृत्त होतो आणि पाच एप्रिलला मिरजेला जातो.

गेल्या वर्षी याच सभागृहात आपण एक परिसंवाद घेतला होता. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना बचतीची सवय लागावी म्हणून सरकारनं काय करावं, असा विषय होता. व्याज वाढवा, शाळेत हिशेब शिकवा, रेडिओवरून प्रचार करा, अशा चांगल्या सूचना आल्या. मी मागच्या रांगेत होतो. अध्यक्षांनी विचारलं, ‘श्यामकांतराव, तुम्ही काही बोलणार?’ मी मानेनंच नाही म्हटलं. त्या दिवशी बोलायला हवं होतं. आज बोललो तर चालेल ना?

माझी पत्नी विनया पोस्टाच्या अल्पबचतीची एजंट होती, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. सरकारनं ही योजना बायकांसाठीच काढली. एजंट बाई घरोघरी जाते, आवर्ती ठेवीचा महिन्याचा हप्ता गोळा करते, पोस्टात भरते, आणि तिला शेकडा चार रुपये कमिशन मिळतं. आपल्या घरांतून विनयाला शंभर-दोनशेचे हप्ते मिळत. पण तिचा जीव होता तो भांडी घासणाऱ्या आणि झाडू मारणाऱ्या बायकांच्या दहा-वीस रुपयांत.

त्यांतली एक रामरती. बस्ती जिल्ह्यातली. पंधरा सेक्टरमध्ये चार घरची भांडी घासायची. सत्त्याऐंशीच्या जानेवारीत तिनं वीस रुपयांचं खातं उघडलं. पाच वर्षांनी सोळाशेच्या आसपास मिळणार होते. विनयानं विचारलं, ‘रामरती, क्या करोगी?’ ती म्हणाली, ‘गाँव में अपने दरवज्जे पर नल लगवाऊँगी, बीबीजी. फिर मेरी अम्मा ठाकुरों के कुएँ पर खड़ी नहीं रहेगी.’ नल म्हणजे हातपंप.

वर्षभरात तिच्या नवऱ्याला पिंजौरच्या एका कारखान्यात चौकीदारी मिळाली आणि ती तिकडे गेली. खातं बंद पडेल असं मला वाटलं. विनया म्हणाली, ‘अहो, मी जाईन की दुसऱ्या शनिवारी.’

मी हिशेबाचा माणूस. मी म्हणालो, ‘तुझं कमिशन ऐंशी पैसे. जाऊन-येऊन बसभाडं किती?’

ती म्हणाली, ‘ते तुम्ही मांडा. मला बस गाठायचीय.’

पुढे हा माझा ठरलेला विनोदच झाला. आल्यागेल्याला मी सांगायचो, आमच्या घरात एक अर्थतज्ज्ञ आहे, ऐंशी पैसे मिळवायला नोट मोडते. तीही हसायची.

एकोणनव्वदच्या ऑगस्टमधल्या दुसऱ्या शनिवारी ती पिंजौरहून परत यायला बसमध्ये बसली, ती घरी आलीच नाही. त्या बसबद्दल मी बोलणार नाही. दहशतीच्या त्या दिवसांत इथल्या बऱ्याच घरांनी काय काय सोसलं, हे या सभागृहाला सांगायची गरज नाही. आपण सगळे तेव्हा माझ्या घरी आलात, महिनाभर डबे पाठवलेत. त्याचे आभार मी तेव्हा मानले नव्हते. आज मानतो.

तिची बाकीची खाती पद्मजावहिनींनी घेतली, रीतसर एजन्सी काढून. राहिली रामरती. दोन महिने तिचा हप्ता मीच भरला. मग ऑक्टोबरात पिंजौरला गेलो. तिनं मला पाहिलं आणि दार लावून घेतलं. आतून म्हणाली, ‘मेरे बीस रुपये के लिए आई थीं. मुझे नहीं चाहिए नल.’

मी पायरीवर बसून राहिलो. परतीची बस आली तसा निघालो. नोव्हेंबरात पुन्हा गेलो. तिनं दार उघडलं नाही, पण फटीतून वीस रुपये बाहेर सरकवले. डिसेंबरात चहा दिला.

मी तिला म्हटलं, खातं इथल्या पोस्टात बदलून घेऊ, तू स्वतः जाऊन भर. काउंटरवर कोणीही भरू शकतं. त्यावर ती म्हणाली, ‘बाबूजी, हाथ का पैसा तो खर्च हो जाता है. कोई दरवज्जे पर माँगने आए, तभी बचता है.’

अध्यक्ष महाराज, परिसंवादात मला एवढंच सांगायचं होतं. व्याज वाढवावं, पत्रकं छापावीत, सगळं करावं. पण महिन्याच्या ठरलेल्या दिवशी कोणीतरी दारात उभं राहावं लागतं. त्या माणसाचं बसभाडं कमिशनात बसत नाही. ते सरकारनं द्यावं, असं मी दोनदा वरच्या कार्यालयाला लिहिलं. पोच आली आहे.

अजून एक गोष्ट. हप्ता दिला की रामरती कार्डावरच्या सगळ्या नोंदींवर बोट ठेवून मोठ्यानं मोजते, आणि तेही मराठीत. विनयानं तशी सवय लावली होती. आपले पैसे आपण मोजायचे, दुसऱ्यावर सोडायचे नाहीत, असं तिचं म्हणणं. विनयाला हिंदी आकडे नीट येत नसत, उनसठ आणि उनहत्तर यांत तिचा गोंधळ व्हायचा. म्हणून तिनं सरळ मराठी शिकवले. ऑगस्टात बत्तीसपर्यंत आले होते. डिसेंबरात चहा झाल्यावर रामरतीनं कार्ड मागितलं, मोजत मोजत बत्तीसपाशी आली आणि थांबली. माझ्याकडे बघत राहिली. पुढचा आकडा तिला कोणी शिकवला नव्हता. तेहेतीस मी शिकवला.

या महिन्यात एक्कावन्न झाले. नऊ राहिले.

मी पाच एप्रिलला जाणार. म्हणून हारतुरे स्वीकारताना मी आपल्याकडे एक मागणं मागतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, येत्या डिसेंबरपर्यंत, पिंजौरच्या बसमध्ये कोणी बसेल का? पद्मजावहिनी तयार होत्या, पण मेजरसाहेबांची जूनमध्ये बदली आहे. मी काय मागतोय ते मला ठाऊक आहे. सकाळी दहाची बस, दीडला परत. कोणी नाही म्हटलं तर मला राग येणार नाही.

कोण? स्मिता का?

‘काका, मैं जाऊँगी, पक्का’, असं म्हणते आहे. शशिकांतराव तिला खाली बसवताहेत. स्मिता, तू बस. बाबांचं बरोबर आहे. मी विनयाला अडवलं नाही, फक्त तिची थट्टा केली. पोरी, तुला मी पाठवणार नाही.

शशिकांतराव, तुम्ही का उभे राहिलात? दहा मिनिटं झाली का?

काय म्हणालात? जरा मोठ्यानं म्हणा, मागे ऐकू गेलं नाही. ‘मी जातो.’

बरं.

बसा, बसा. पाणी आहे का? आभारी आहे.

तर शशिकांतराव, कारखान्याच्या मागच्या गल्लीत तिसरं दार. चहात साखर फार घालते, नको म्हणू नका. आकडे मराठीत. पुढचा बावन्न, तो तुम्ही शिकवायचा. आणि ही नऊ पोस्टकार्डं आहेत. मिरजेचा पत्ता मी घालून आणला आहे. हप्ता भरला, एवढंच लिहू नका. ती काय म्हणाली, कोणाला ताप आला, कशावर हसली, ते लिहा. विनया पिंजौरहून यायची आणि चपला काढता काढता म्हणायची, ‘आज रामरती काय म्हणाली माहीत आहे का?’ मी पेपरमागून विचारायचो, ‘बसला किती लागले?’ इतक्या शनिवारांत एकदाही मी ‘काय म्हणाली’ असं विचारलं नाही.

आता विचारतो आहे. तुम्ही लिहा.

आपण सर्वांनी मला इतकी वर्षं आपलं मानलंत, त्याबद्दल मनापासून आभार. मला भाषणाची सवय नाही. काही उणं-अधिक बोललो असेन, वेळही जास्त घेतला असेल, तर घरातल्या माणसाचं समजून सोडून द्या. बाहेर ऊन उतरायला लागलं आहे. चहा घ्या आणि वेळेत घरी पोचा.