शमुवेलची पेटी आन् भाताची रोपं

सत्तावन्न सालची गोष्ट. पौडला एस.टी.ची वाट बघत माझ्या शेजारी दोघे शेतकरी बसले होते. एकाच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेली बाजाची पेटी होती.

“शमुवेलदादा, चर्चात पेटी वाजवायला निघालास? तुझं तर हात कापत्यात.”

“कापायचे, भिवाजी. समोर मान्सं दिसली की काळी पट्टी कुटं, पांढरी कुटं, कायबी कळायचं न्हाई. मग पाळकसाहेबांनी विलाज सांगितला.”

“कंचा?”

“म्हनले, समोर मान्सं हायेत असं समजूच नगंस. भाताची रोपं हायेत असं समज.”

“आन् जमलं?”

“न जमायला काय? रोपांना कोन भितंय? दोन कडवी अशी वाजवली, की पाळकसाहेब मान डोलवाय लागले.”

“आन् तिसरं?”

“तिसऱ्याला पुढच्या रांगेत एक रोप गपगार दिसलं. बाकी समदी गात्यात, ह्येच गाईना. मला वाटलं, तण हाय.”

“मग?”

“उठलो, दंडाला धरून उपटलं, आन् दाराबाहेर नेऊन ठेवलं.”

“अरं देवा! कोन व्हतं?”

“पाळकीणबाई.”

“मंग पाळकसाहेबांनी हाकलला आसंल तुला.”

“कशापायी? विलाज त्यांचाच व्हता.”

“म्हंजे तुझी भीती गेली म्हन की.”

“माझी गेली. आता मी पेटी उघडली की समदं चर्च कापतंय. पर गायचं कुनी थांबत न्हाई. पाळकीणबाईंचा आवाज तर पार वेशीपतूर जातो.”