चौकातला फोटो

तिकिटाच्या रांगेत दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही, असं सिंधुताई दरवेळी ठरवायच्या. पण पुढचे दोघे तरुण हळू बोलतच नव्हते.

“अमरदीप, खरंच फौजेत हाजीर होऊन राहिला? सुट्टी तं केव्हाच संपली. जेलात टाकतीन ना बे!”

“टाकतीन. नोकरीबी जाईन. पन नरेश, माह्यासारखा येडा भगोडा पाहिला का तू? लपलो कुठी, तं आपल्याच गावात, जुनवानीत, घरीच! अन् चौकात माह्याच वर्दीतल्या फोटोचा फ्लेक्स, ‘आमचा वीर जवान’!”

“मंग आजच कावून चालला?”

“काल बाबा शिडी घेऊन चौकात गेले. मले वाटलं, फाडूनच फेकतेत.”

“मंग?”

“धूळ पुसली, ढिली दोरी घट्ट बांधली, अन् घरी आले.”