वजनकाट्याची तीट

आमच्या शेजारच्या डॉक्टरबाईचं सांगते, ऐका. पोटात नीट अन्न नसलं की लेकरं सारखी आजारी काहून पडतात, हे त्यांनी जन्मभर शोधलं. दूरदूरच्या सभांमध्ये लोक त्यांचं ऐकत. आमच्या भरवेली गावात मात्र कोणी ऐकत नव्हतं, कारण लेकरू तोललं की त्याले नजर लागते!

माझा पोरगा तेव्हा तापानं वाळून गेलता. बाई म्हणाल्या, "वजन कळल्याशिवाय खुराक कसा सांगू?"

मी म्हटलं, "अन् नजर लागली तं? तुमचं सायन्स उतरवन का?"

बाईंनी माझीच काजळाची डबी मागितली अन् वजनकाट्याले ठसठशीत तीट लावली. "आता लागली तर लोखंडाला लागेल!"

मी पोरगा काट्यावर ठेवला. मागं बायांची रांग लागली.

आता बाई नाहीत. तोच पोरगा खाणीत कामाले जाते. परवा मी त्याचं लेकरू घेऊन अंगणवाडीत गेली, तं तिथं नवा काटा. मी डबी काढली तशी नवी मॅडम ओरडली, "अरे, मशीन पे ये काला क्या लगा रही हो?"

म्हटलं, "मॅडम, हा आमच्या डॉक्टरबाईचा शोध हाय. आधी तीट, मंग लेकरू."