फेस कुठाय?

...आणि वर लोक मलाच विचारतात, 'शर्टाला खळ घातलीय का?' अहो, कसली खळ! तुम्हाला सांगतो, माझा शर्ट दोरीवरून काढला की पाटासारखा आडवा धरता येतो! टॉवेलनं अंग पुसायला घेतलं की पुसतोय का सोलतोय तेच कळत नाही. काळ्या पँटवर पांढरे ओघळ... परवा ऑफिसातला शिपाई म्हणतो, 'साहेब, घरी चुना लावायला काढलाय काय?' आणि ही मान! बघा, इकडून बघा... लाल! आता चार माणसांत बसून खाजवायचं तरी कसं हो?

कारण काय, तर पाणी. नवी जागा, बोअरचं पाणी, जड! साबण त्याच्याशी ओळखच दाखवत नाही. आणि आमच्या आईचं आपलं एकच, 'अरे, फेस कुठाय?'

आईला तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे आणलं. हात थरथरतात आता तिचे. म्हणून आम्ही तिला कशाला हात लावू देत नाही. मग ती काय करते, मशीन लावलं की त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसते आणि त्या गोल काचेतून आत बघते. 'नुसतं पाणीच फिरतंय की रे! फेस कुठाय?'

तिचं तरी काय चुकलं? जुन्या घरामागं विहीर होती आमच्या. काय पाणी होतं महाराजा! साबणाची वडी नुसती दाखवली की कोपरापर्यंत फेस. रविवारी आई पदर खोचून धुण्याच्या दगडापाशी बसायची आणि मी नि ताई दोन्ही बाजूंना टपलेले. ताई फेसाच्या बांगड्या भरायची, मी दाढी लावून बाबांच्या आवाजात ओरडायचो, 'माझा चष्मा कुणी घेतला?' आई एवढी हसायची, एवढी हसायची, की हातातला शर्ट निसटून मातीत! पुन्हा धुवा! आणि संध्याकाळी ती वाळलेली चादर अंगावर घेतली ना, की... जाऊ दे. फार आठवण येते हो त्या चादरीची.

तर, मेकॅनिक आला. पावडरीचा कप्पा ओढतो, निघेना! निघाला तो आत थिजलेल्या पावडरीचा हा एवढा दगड! 'काका, पावडर किती घालता?' ही म्हणाली, 'एकच माप.' खरं बोलली. मी छताकडे बघायला लागलो, कारण हिची पाठ वळली की कॉलरसाठी म्हणून अजून एक माप मी घालत होतो. आणि आई? आईला एकदम बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालायचं आठवलं, उठायलाच लागली. मेकॅनिक म्हणाला, 'आजी, तुम्ही?' तर शांतपणे म्हणते, 'मी नाही बाई माप-बिप घेत. मूठभर टाकते. फेस कुठाय त्याला?'

त्यानं कपाळाला हात लावला. 'जड पाण्यात ती सगळी कपड्यांतच बसते, काका! अर्धं माप घाला आणि दोनदा खळबळून काढा.' तसं केलं. तुम्हाला सांगतो, आठ दिवसांत शर्ट मऊ! मान बरी! मी खूश, ही खूश... आणि आईनं खुर्ची उचलायला लावली. 'धुतंय तुमचं यंत्र. माझं काय काम तिथं?' खोलीत जाऊन बसली ती बसलीच. जेवताना अर्धी पोळी. बोलणं नाही, चालणं नाही, फेस कुठाय नाही. घर कसं सुनं सुनं झालं.

रविवारी मला राहवेना. गुपचूप सहा मापं ओतली, खुर्ची परत मांडली आणि हाक मारली, 'आई, जरा बघ गं, नीट निघतायत का कपडे? मला काही कळत नाही यातलं.' आली कुरकुरत. बसली. आणि काचेत जो फेस चढायला लागला... 'आता कसं! बघ, बघ, कसा वर येतोय!' अहो, टाळ्या वाजवल्या तिनं, त्या थरथरत्या हातांनी! दोन पोळ्या जेवली. मग काय, तेव्हापासून मशीन लावलं की तेच!

काल कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. मान बघून म्हणाले, 'साबण राहतोय कपड्यांत. घरी कपडे कोण धुतं?'

म्हटलं, 'आई.'

'मग त्यांना नीट सांगा.'

म्हटलं, 'डॉक्टर, तुम्ही मलम द्या हो. मोठी ट्यूब द्या.'