बिनकडीचं दार

पद्मिनी : काढलंत? पुन्हा काढलंत? अहो, आज सकाळी तर बसवलं होतं ते दार!

मोरेश्वर : खाली घासून राहिलं होतं.

अंकुर : नव्हतं घासत, बाबा. मी चेक केलं. इट वॉज फाइन.

मोरेश्वर : तुला ऐकू आलं नसेल. मला आलं. उंबरठ्यापाशी खर्र करतं.

पद्मिनी : ते खर्र तुमच्या कानात होतंय. मागच्या शनिवारी बिजागरी वाकडी म्हणून काढलंत. त्याच्या आधी फळी ओली म्हणून. आता खर्र.

मोरेश्वर : ओली नव्हती का फळी? पाइन आहे ते, सागवान नाही. पाणी प्यालं की फुगतं. हिवाळ्यात अडकून बसशील आत, मग आठवेल मोरेश्वर.

पद्मिनी : मी कशाला बसतेय आत? मला काय हरणं मारायचीत?

अंकुर : आई, प्लीज. आज नको.

पद्मिनी : आज नको तर कधी? उद्या सकाळी वास्तुशांत आहे. बिनदाराच्या घराची वास्तुशांत करतं का कोणी? गुरुजींनी सगळे मंत्र कॅसेटवर म्हणून दिलेत. त्यात म्हणतात, 'आता यजमानांनी दारातून आत यावं.' दारातून म्हणतात ते. भगदाडातून नव्हे.

मोरेश्वर : घर कशाचं आहे ते सांगितलंस का गुरुजींना?

पद्मिनी : सांगितलं की. न्यू हॅम्पशायरच्या रानात, सुट्टीत राहायचं लाकडी घर.

अंकुर : आई! हंटिंग केबिन आहे म्हणाली नाहीस? यू लाइड टू अ प्रीस्ट?

पद्मिनी : खोटं कुठे बोलले? अर्धं सांगितलं. तुझ्याकडूनच शिकले. 'महिन्यातून एक वीकेंड ट्रेनिंग असतं, आई, बस.' नॅशनल गार्डमध्ये, त्या राखीव सैन्यात, नाव घातलंस तेव्हा असंच म्हणाला होतास ना? इराक नव्हतं त्यात.

अंकुर : तेव्हा इराक नव्हतंच, आई. टॉवर्स नुकते पडले होते. मला काहीतरी करायचं होतं.

पद्मिनी : केलंस. आता थँक्सगिव्हिंग झालं की निघालास दीड वर्षासाठी.

मोरेश्वर : रंधा कुठे ठेवला?

पद्मिनी : बघ. विषय निघाला की ह्यांना रंधा आठवतो.

मोरेश्वर : रंधा कुठे आहे म्हणतो मी!

अंकुर : ट्रकमध्ये, मागे. निळ्या बॉक्सच्या खाली. बाबा, मी करतो ना. तुझी पाठ...

मोरेश्वर : पाठीला काय धाड भरली? तू तो स्टोव्हचा पाइप पाहा. तोही मला सरळ दिसत नाही. आणि बंकबेडची फळी हलते. आणि खिडकीची चौकट... राहू दे. दार झालं की पाहतो मी सगळं.

(मोरेश्वर दार खांद्यावर घेऊन बाहेर जातो, सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर आडवं टाकतो नि रंधा मारायला लागतो. अंकुर आतून त्याच्या पाठीकडे बघत राहतो. ती इतकी कधी वाकली, हे त्याच्या लक्षातच आलेलं नसतं.)

अंकुर : बाबा घरी काही बोलतो का? माझ्याबद्दल?

पद्मिनी : छे. टीव्हीवर बातम्या लागल्या की उठतात आणि गॅरेजमध्ये जाऊन उभे राहतात. परवा बघितलं तर नुसता हातोडा धरून उभे. म्हटलं, काय चाललंय? तर म्हणे, वजन बघतोय.

अंकुर : कशाचं वजन?

पद्मिनी : हातोड्याचं. तू जन्माला यायच्या आधीपासून घरात असलेल्या हातोड्याचं.

अंकुर : ही'ज मॅड ॲट मी.

पद्मिनी : रागावलेला माणूस दर शनिवारी अंधारात उठून श्रूजबरीच्या घरून इतका लांब ड्राइव्ह करत नाही, सोन्या. तू गार्डमध्ये गेलास म्हणून रागावले होते तेव्हा कसे होते, विसरलास? दोन वर्षं एका टेबलावर जेवलात आणि एकमेकांशी अवाक्षर नाही.

अंकुर : 'पद्मिनी, त्याला विचार, भाजी हवी का.' आणि मी समोरच बसलेलो!

पद्मिनी : आणि तू काय कमी? 'आई, टेल हिम, नो थँक्स.' दोघांच्या मध्ये मी पोस्टमन. जीव मेटाकुटीला आला होता माझा. त्यात तू तुझ्या त्या मित्राबरोबर, रॉजरबरोबर, शिकारीला जायला लागलास. म्हटलं, संपलं आता. देशमुखांच्या घरात येऊन मी अंड्याला हात लावला नाही, आणि पोरगं हरीण मारून आणतंय.

अंकुर : एकच आणलं. अँड तू महिनाभर गॅरेजमधला फ्रीजर उघडला नाहीस.

पद्मिनी : अजून उघडत नाही. पण त्या दिवशी हे आले, तुझ्या बंदुकीकडे बघितलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तुला सरळ विचारलं...

अंकुर : 'मचाण कुठे बांधता तुम्ही लोक?'

पद्मिनी : मचाण! मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतात. तर मचाण!

अंकुर : मी म्हटलं, आम्ही त्याला ट्रीस्टँड म्हणतो. मग तो थांबेचना. चंद्रपूरचं जंगल, त्याचे वडील आबा, आबांची रानातली खोपी, सरकारने शिकार बंद केली ते... आय हॅड नो आयडिया. मला वाटायचं बाबा इंजिनियर म्हणूनच जन्माला आला.

पद्मिनी : म्हणून तर मी गप्प बसले. म्हटलं, बांधा काय बांधायचं ते. हरणांचं पाप ज्याच्या माथी बसायचं त्याच्या बसो, माझी दोन माणसं बोलतायत. या वर्षभरात तुम्ही दोघं इथे नुसते भांडलात. छप्पर किती उतरतं करायचं, खिडकी कुठे काढायची. मी तिथे गाडीत बसून स्वेटर विणायचे आणि ऐकायचे. इतकं बरं वाटायचं ना ते भांडण.

अंकुर : मग आता दर वीकेंडला दार का काढतो तो? आई, पाऊस येतोय. मग स्नो. मला हे पूर्ण झालेलं बघायचंय, जायच्या आधी. आपण तिघं एक रात्र तरी इथे झोपू. दॅट्स ऑल आय वॉन्ट.

पद्मिनी : तुला खरंच कळत नाहीये का?

अंकुर : काय?

पद्मिनी : अरे, घर पुरं झालं की पुढे काय उरतं? तुझं जाणं. हे दार बसत नाही तोवर तू निघत नाहीस, असं काहीतरी घेतलंय त्यांच्या डोक्याने.

अंकुर : दॅट्स क्रेझी.

पद्मिनी : आहेच. पण मी कोणत्या तोंडाने बोलू? मी नारळ घरी ठेवून आलेय.

अंकुर : विसरलीस? इट्स ओके, खाली टाउनमध्ये मिळतो का बघू.

पद्मिनी : विसरले नाही. पिशवीत घातला होता. निघताना काढला आणि ओट्यावर ठेवला. का ते विचारू नकोस. नारळ नाही तर वास्तुशांत नाही, एवढंच आलं मनात. घे, आता मलाही वेडी म्हण.

अंकुर : ...मी बोलतो त्याच्याशी.

पद्मिनी : हळू बोल हं.

अंकुर : बाबा! बास आता. रंधा ठेव. दाराचा पेपर होईल.

मोरेश्वर : होत आलं. हा एवढा कोपरा.

अंकुर : नाही होत आलं. होणारच नाहीये ते. बाबा, इकडे बघ. दार बसलं तरी मी जाणार आणि नाही बसलं तरी जाणार. डेट तीच आहे.

मोरेश्वर : तुला कोणी विचारलं?

अंकुर : कोणीच नाही! दॅट्स द होल पॉइंट! ऑर्डर आल्यापासून तू एकदाही विचारलं नाहीस. कुठे जाणार, काय करणार, काही नाही. ओरड माझ्यावर. पण बोल ना काहीतरी!

मोरेश्वर : काय बोलू? नको जाऊ म्हणू? म्हटलं तर राहशील?

अंकुर : ...नाही. माझ्या युनिटमधली बाकीची माणसं जाणार, बाबा. मी कसा राहू?

मोरेश्वर : मग कशाला बोलायला लावतोस? भिऊन राहिलो मी, हे ऐकायचंय तुला? भितो. गाडी चालवताना भितो, जेवताना भितो. फोन वाजला की उचलायला धजत नाही, आणि तू तर अजून इथेच आहेस! तू गेल्यावर त्या फोनचं काय करू मी? झालं समाधान?

अंकुर : मी पण भितो, बाबा.

मोरेश्वर : माहीत आहे. हल्ली प्रत्येक खिळा वाकडा ठोकतोस तू. म्हणून तर मी ठोकायचं काम माझ्याकडे घेतलं.

पद्मिनी : अहो, दोघं भिजणार आहात का? थेंब पडायला लागले. आत या, थर्मासमध्ये चहा आहे.

मोरेश्वर : आत काय न् बाहेर काय, मध्ये दार कुठे आहे!

पद्मिनी : ते ज्यांनी काढलं त्यांना विचारा.

अंकुर : ये, चहा घे आधी. मग दोघं मिळून लावू. आणि कडी पण आज लावून टाकू. चंद्रपूरहून आणलीस ना, लोखंडी?

पद्मिनी : त्या कडीचं नाव काढू नकोस. एअरपोर्टवर अख्खी बॅग उपसायला लावली. माझी लोणच्याची बरणी एकीकडे, साड्या एकीकडे, आणि तो ऑफिसर कडी उलटसुलट करून बघतोय. हे त्याला सांगतायत, 'माय फादर्स हाउस, माय फादर्स हाउस!'

मोरेश्वर : मग काय चूक सांगितलं? आबांच्या शिकारीच्या खोपीची कडी आहे ती. खोपी पडली, एवढीच उरली. पण आबांनी ती क्वचितच लावली असेल.

अंकुर : का?

मोरेश्वर : आबांचा नियम होता. आपला एक जरी माणूस रानात असेल तर खोपीला आतून कडी घालायची नाही. वाघ येवो, अस्वल येवो. एकदा आमचा विष्णूकाका हरवला. मी लहान होतो, हट्ट करून गेलो होतो आबांबरोबर. पाऊस असा, की हाक मारली तर आपलीच आपल्याला ऐकू येईना. सगळे जागे. आबा दाराशी बसून बिडीवर बिडी ओढून राहिले. पहाटे कधीतरी सगळ्यांचाच डोळा लागला. उजाडल्यावर मंडळी काठ्या घेऊन शोधायला निघाली, तर कोपऱ्यात घोंगडीखाली कोणीतरी घोरून राहिलं.

अंकुर : नो वे. विष्णूआजोबा?

मोरेश्वर : नाही तर कोण! आला, दार ढकललं, घोंगडी ओढली आणि झोपला. कोणाला उठवलंही नाही पठ्ठ्यानं. आबांनी आधी त्याला अशा शिव्या घातल्या, अशा शिव्या... आणि मग रडले. आबांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

पद्मिनी : इतक्या वर्षांत मला हे सांगितलं नाहीत कधी.

मोरेश्वर : तू शिकारीचं नाव तरी काढू देत होतीस का?

पद्मिनी : आता काढा. आता काय राहिलंय माझं.

मोरेश्वर : चल रे, ऊठ. तिकडून धर. उचल. अजून वर. अरे, वर म्हणजे तुझ्या बाजूने वर!

अंकुर : माझ्या बाजूने वरच आहे! तू खाली धरलंयस. आई, ती पिन दे. नाही, बिजागरीची. तिथे, उंबरठ्यावर.

पद्मिनी : मी? शिकारीच्या घराला हात लावू?

मोरेश्वर : अगं लाव लवकर, खांदा निखळतो माझा!

पद्मिनी : घ्या. ही घ्या. थांबा, नीट धरा, मीच घालते. गेली. खालची पण गेली.

अंकुर : सोड आता. बाबा, सोड हात. बंद करून बघ.

पद्मिनी : खर्र होतंय का?

मोरेश्वर : नाही.

अंकुर : टोल्ड यू. ओके, कडी दे आणि स्क्रू दे. ड्रिल चार्ज्ड आहे, दोन मिनिटांचं काम.

मोरेश्वर : कडी नाही लावायची.

अंकुर : बाबा, इथे अस्वलं आहेत. गोष्टीतली नाही, खरी.

मोरेश्वर : येऊ देत. जाताना बाहेरून मोठा दगड लावून ठेवू. आणि दर शनिवारी येऊन पाहू आम्ही.

अंकुर : दर शनिवारी? स्नोमध्ये? आणि आज तर आपण तिघंही आत आहोत. आबांच्या रूलप्रमाणे आज चालते की कडी.

मोरेश्वर : आज लावली तर तू निघालास की काढावी लागेल. ती काढायला माझा हात नाही चालायचा, अंकुर.

पद्मिनी : राहू दे रे. नको लावूस. मी पण येईन ह्यांच्याबरोबर शनिवारी. गाडीत नाही बसणार, आत बसेन. आणि ती वास्तुशांतही... अहो, मी नारळ घरीच...

मोरेश्वर : ठाऊक आहे. निघताना पाहिला मी ओट्यावर.

पद्मिनी : पाहिलात? मग उचलला का नाहीत?

मोरेश्वर : तू का काढून ठेवलास?

अंकुर : यू गाइज आर अनबिलिव्हेबल. मग उद्या काय करायचं?

पद्मिनी : उद्या खिचडी करायची. कॅसेट राहू दे पिशवीत. तू आलास की लावू, पहिल्यापासून.

मोरेश्वर : ही घे.

अंकुर : कडी? मी काय करू तिचं?

मोरेश्वर : तुझ्याजवळ ठेव. तुझ्या त्या मोठ्या बॅगेत राहील कुठेतरी मोज्यांच्या खाली.

पद्मिनी : आणि कोणी विचारलं, हे लोखंड कशाला नेतोस, तर?

अंकुर : सांगेन. माय फादर्स हाउस.

मोरेश्वर : ...हं. सांग.

अंकुर : आणि स्क्रू? ते पण दे ना. तुझ्या खिशात आहेत सगळे.

मोरेश्वर : स्क्रू राहू दे माझ्याकडे. तू कडी घेऊन ये, मी स्क्रू आणतो.