टेलरआजींच्या जेवणाबाबत

मी, वृद्धाश्रमातील स्वयंपाकीण, सर्वजण मावशी म्हणतात, वय ५४ वर्षे, धंदा नोकरी, राहणार वृद्धाश्रमाच्या मागील खोली. आज सकाळी साडेदहा वाजता पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून हजर होऊन समक्ष सांगते की,

मी वरील ठिकाणी नऊ वर्षांपासून स्वयंपाक करते. तेथे तेवीस वृद्ध राहत होते. सर्व कारभार मॅनेजर साहेब पाहतात. औषधे व वजनाची नोंद सिस्टर ठेवतात. मयत आजी दीड वर्षापूर्वी दाखल झाल्या. त्यांनी जन्मभर शिवणकाम केले असल्याने सगळे त्यांना टेलरआजी म्हणत. तक्रारदार ही त्यांची मुलगी असून ती परगावी नोकरी करते.

आजी आल्या तेव्हा अंगाने भरलेल्या होत्या. जेवताना मला म्हणायच्या, "मीठ घालताना हात आखडता घेतेस, घरी नवऱ्याला बीपी आहे का गं?"

चार महिन्यांपूर्वी तोंड धुताना त्यांची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली. तुकडे मी रुमालात बांधून मॅनेजर साहेबांना दिले. ते म्हणाले, "मुलीला कळवतो." कळवले की नाही, मला माहीत नाही. आजींना पातळ जेवण द्यावे असा निरोप आला. पातळ म्हणजे सगळ्यांच्या भाजीवरचे पाणी आणि त्यात कालवलेला भात. दोन्ही वेळा तेच. दूध चहापुरतेच येते. अंडी आठवड्यातून एकदा, तीही ज्यांना चावता येते त्यांना.

वजनकाटा बंद होता. सिस्टर मागच्या महिन्याचाच आकडा पुढे लिहीत. हे मी स्वतः पाहिले आहे.

आजींनी माझ्याकडून सुईदोरा घेऊन आपले तिन्ही गाऊन दोन्ही बाजूंनी आत घेतले. वीसेक दिवसांनी पुन्हा घेतले. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "कापड उरतंय, माणूस संपतंय बघ." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यानंतर मी माझ्या मनाने रोज एक अंडे दुधात कुस्करून त्यांना भरवू लागले. एका वाटीला पाऊण तास लागे. पाचव्या दिवशी त्या आपणहून उठून खिडकीशी बसल्या. नवव्या दिवशी मॅनेजर साहेबांनी पाहिले. म्हणाले, "एकीचे लाड केलेस की बाकीचे बावीस वाट्या घेऊन उभे राहतील. जमत नसेल तर दुसरी बाई बघतो." माझा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे आणि राहती खोली नोकरीसोबतची आहे. मी भरवणे बंद केले. आजींनी का, असे विचारले नाही.

मुलीचा फोन दर रविवारी ऑफिसात येई. शेवटच्या रविवारी मॅनेजर साहेबांनी तो माझ्या हातात दिला व समोर उभे राहिले. मुलीने विचारले, "मावशी, आई नीट जेवते ना?" मी म्हटले, "हो, पोटभर जेवतात." आजी शेजारच्या खुर्चीत होत्या. त्यांना चांगले ऐकू येत असे. फोन त्यांच्याकडे दिल्यावर त्या म्हणाल्या, "मावशी म्हणते तेच खरं. तू वेळेवर जेवत जा, बाळा."

गुरुवारी सकाळी सात वाजता मी चहा घेऊन गेले असता त्या हाकेला उठल्या नाहीत. मुलगी येईपर्यंत त्यांना अंघोळ घालून ठेवा, असे सांगण्यात आले. दुसरे कोणी मदतीला नव्हते. त्यांना उचलणे मला एकटीला जमले.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. त्यात 'आजी वृद्धापकाळाने वारल्या' असे लिहिले होते. 'वृद्धापकाळाने' हा शब्द मी सांगितलेला नाही. तो माझ्यासमोर खोडून घेतला. उरलेला मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.